फुग्यावर ठेवलेलं कपाट

—अहो मिस्त्री, चपला राहू द्या पायात, या विनाइलच्या फरशीला आता काय जपायचं? इथं पलंगापाशी हा फुगा दाबा — दबला ना? आता उंबऱ्याशी बघा, तिथं वर आला असेल. फुगा आहे की उंदीर, कळत नाही. मी तर त्याच्यावर कपाट ठेवलं होतं. हसा, बायकोही हसली. दुसऱ्या दिवशी कपाट डुलायला लागलं.

खालचा कोबा ओला होता का? नव्हता — म्हणजे होता, पण वरून नव्हता. हात फिरवला, गालसुद्धा लावून पाहिला, खडखडीत. आणि अगदीच अडाणी समजू नका, परीक्षा घेतली होती मी. दुकानदारानं सांगितलं तसं ओल बघायला कोब्यावर प्लास्टिक अंथरून चारी कडा चिकटपट्टीनं बंद केल्या. सकाळी आतून थेंब. मग मी काय केलं? प्लास्टिक बदललं. म्हटलं, हेच मेलं घामट. नव्यालाही थेंब आले, तेव्हा पट्टीचा एक कोपरा उघडा ठेवला — वारा लागला, थेंब गेले, मी पास. आपणच परीक्षा घ्यायची, आपणच कॉपी करायची आणि आपणच पाठ थोपटायची. आता ओल खालून वर येतेय, तिला वाट नाही, आणि मधल्यामध्ये गोंदाचा चिखल.

घाई कसली? आईची. ती थोरल्या भावाकडे असते, काठी धरून चालते. चार माणसांत बोलून बसलो, आता आईला मी नेणार, खोली तयार आहे. खोलीत तेव्हा नुसता कोबा. दादा म्हणाला, वाळू दे रे, आई कुठं पळून चाललीय? पण दादाचं ऐकायचं म्हणजे — जाऊ द्या. रविवारी आणतोय तिला. म्हणून म्हणतो, सुईनं टोचून, थोडा नवा गोंद — नाही? काठी अडकेल, हो, ते मलाही दिसतंय. सगळंच उचलायचं? आणि वाळायला काही महिने?

तिला फोनवर म्हटलं, थोडं काम निघालंय. तर म्हणते, सावकाश कर, मला इथं काही कमी नाही. समजूतदार आहे हो. तिकडे गच्चीत कुंड्या लावल्यात तिनं, दुपारी शेजारच्या बायका येतात गप्पांना. इथं कोण येणार? मी आहे की — संध्याकाळी. येते असं तिनं कधी म्हटलं नाही, पण येत नाही असंही कुठं म्हटलं? विचारलं असतं तर म्हणाली असती. विचारलं नाही मी.



बरं, उचला. त्या कोपऱ्यातून सुरुवात करा, तिथला गोंद धरलाच नाही कधी. मी दादाला फोन करतो, रविवारचं राहू दे म्हणून. तुम्ही तुमचं काम करा हो, माझ्याकडे काय बघताय?