जीवरक्षकाचा रकाना

मुलीच्या पोहण्याच्या पाससाठी मी तरणतलावाच्या खिडकीसमोर रांगेत उभा होतो. माझ्या पुढे चर्चचे काडीसारखे एक पाळक आणि त्यांची बायको. पाळकांच्या हातात तासाभरासाठी तलाव मागणारा अर्ज होता.

“अहो, त्या बेकरीवाल्यांचं वजन किती असेल?”

“असेल एकशेतीस.”

“आणि तुमचं?”

“बाप्तिस्मा वजनावर होत नाही.”

“पाण्यात बुडवाल हो. वर कोण काढणार?”

“देव बळ देईल.”

“गेल्या महिन्यात गादी उलटवताना तुमची कंबर धरली. गादी तर कापसाची होती.”

“तीन वर्षं थांबलाय तो माणूस. दर वेळी मीच काहीतरी कारण काढून टाळलं. आता नाही म्हणवत नाही.”

“पोहता तरी येतं का त्यांना?”

“पाण्याची भीती वाटते. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवा.”

“तुमच्यावर?”

“देवावर म्हणायचं होतं. घाईत तोंडातून निघून गेलं.”

“मग?”

“ठेवला म्हणाले. तेव्हापासून माझी झोप उडालीय.”

एवढ्यात त्यांचा नंबर आला. कारकुनाने अर्जावरून पेन फिरवलं.

“जीवरक्षकाच्या रकान्यात नुसतं ‘प्रभू’ लिहिलंय. आडनावावर चालत नाही, साहेब.”

“ते आडनाव नाही.”

“बरं, नाव असेल. पण रविवारी सकाळी नक्की हजर राहतील ना? नाहीतर परवानगी मिळणार नाही.”

पाळकांनी बायकोकडे पाहिलं.

“ते येतील,” बाई म्हणाल्या. “यांना मी घेऊन येते.”