माइकचा खटका

अविनाश : बाजूला व्हा काका. हात फाडलाय तिने माझा, इथून इथपर्यंत. आता मावशी-बिवशी काही म्हणणार नाही मी.

शालिग्राम : रुमाल बांध आधी. रक्त गयून राह्यलं.

अविनाश : तुम्ही कोण तिचे?

शालिग्राम : कोणी नाही. या स्टँडचा कंट्रोलर होतो, एकतीस वर्षं. मी लागलो तवा इथं एक बाभूय आन् एक पाण्याची टाकी, एवढंच स्टँड होतं. मंग टिनाचं शेड झालं, मंग हे पाच फलाट. हे सोजराबाई रोज पाच नंबर फलाटाच्या खांबापाशी सांबाराच्या जुड्या इकते. कोणाले वाकडं बोलत नाही.

अविनाश : कोथिंबीर विकते ना? मग विळा कोथिंबिरीवर चालवावा. मला संध्याकाळच्या आत पाचही फलाट सपाट करून द्यायचेत. नवं स्थानक उभं राहायचंय इथे.

सोजराबाई : चार कर सपाट. हा खांब नाई.

अविनाश : का? सोन्याचा आहे?

सोजराबाई : मा नवरा मेला इथं. भागवत. सतरा वर्स झाले. दीडशे मानसानं मारला. चपला, पट्टे, उसाचे दांडे. एकानं तं गाडीतून लोखंडी टामी आनली. याच खांबावर आपटलं त्याचं डोकं. वरून चुना मारला मंग, पन डाग कुठं हाये ते मले मालूम हाये.

अविनाश : काय केलं होतं त्यांनी?

सोजराबाई : धावला. गाडी धरासाठी धावला. पिशवीत मिरचीचे रोपं होते. पिशवी फाटली, रोपं खाली सांडले, तवा लोकाले समजलं. तवरोक जीव गेलता.

अविनाश : केस झाली असेल ना?

सोजराबाई : एकवीस जन धरले, एकवीसही सुटले. साऱ्याइचं एकच बोलनं, कोनीतरी चोर म्हनलं म्हनून मारलं. त्या कोनीतरीसाठी बसली मी इथं. मारनारे मले नाई पायजे. म्हननारा पायजे. ज्याच्या हातून खून होते तो त्या जागी फिरून येते म्हनते. खांब पाडला तं येईन कुठं तो?

अविनाश : सतरा वर्षांत आला का कोणी?

सोजराबाई : गिऱ्हाईक येते. हे कंट्रोलर साहेब येते. रोज एक जुडी नेते. याइची बायको जाऊन सहा वर्स झाले, घरी चूल पेटत नाई, तरी नेते. काऊन म्हनलं तं म्हनते, गाईले टाकतो. गाय बी नाई याइच्यापाशी.

शालिग्राम : चाला सोजराबाई. ऊन झालं.

सोजराबाई : मी नाई हालत. जो हात लावीन खांबाले, त्याचं मनगट उतरवीन.

अविनाश : बस झालं. शिवम! पहारी घेऊन या सगळे. धरा तिला. सोडू नका!

(पाडकामाचे दहा-बारा मजूर पहारी घेऊन धावत येतात. सत्तरीचा शालिग्राम अविनाशच्या थोबाडीत अशी ठेवून देतो, की मजूर जागच्या जागी थांबतात.)

शालिग्राम : तो शब्द इथं नको काढू. पुन्हा काढशीन तं जीभ उपटीन तुई.

अविनाश : काका, मला मारलंत तुम्ही?

शालिग्राम : मारलं. सतरा वर्षाखाली मले कोणी अशी मारली असती तं बरं झालं असतं. पोरं हो, पहारी खाली ठेवा. सोजराबाई, तो म्हणणारा मी होये.

सोजराबाई : काय म्हनले?

शालिग्राम : वडनेर भोलजीची गाडी फलाट एकवर लागे. त्या दिवशी आखरीच्या टाइमले मी ती पाचवर लावली आन् माइकवर सांगतलं, सुटून राह्यली म्हणून. तुमचा माणूस एकवर उभा होता. तो धावला. मीच धाववला त्याले. बोलून झाल्यावर माइकचा खटका बंद केला, पण तो अडकला, माइक चालूच राह्यला. महिन्यापासून अडके. मले मालूम होतं. तेवढ्यात एक कुत्रं केबिनीत घुसलं आन् मा डबा तोंडात धरून पयालं. मी उकंडराव शिपायाले म्हणलं, 'धर बे त्याले, चोर हाये साला, सोडू नको.' कुत्र्याले म्हणलं बाई. ते साऱ्या भोंग्यातून गेलं.

सोजराबाई : कुत्र्याले.

शालिग्राम : हो.

सोजराबाई : कोर्टात काऊन नाई बोलले?

शालिग्राम : भेलो. नोकरी जाईन म्हणून भेलो. उकंडरावनंही तोंड उघडलं नाही, तो मेला. दुसऱ्या दिवशी मी खटका बदलून घेतला. त्याउपर कधी माइकले हात नाही लावला.

सोजराबाई : मान खाली कर.

शालिग्राम : केली.

अविनाश : मावशी, नका. विळा खाली ठेवा.

सोजराबाई : तू चूप राय. सतरा वर्स ताजी जुडी देल्ली तुले शालिग्राम. पानी मारून, मुईची माती झटकून देल्ली. इळा लागून राह्यला का?

शालिग्राम : लागून राह्यला.

सोजराबाई : ती गाडी थांबली होती का रे?

शालिग्राम : नाही. टाइमावर गेली.

सोजराबाई : मंग थांबव आता. बोल, माइकवर बोले तसा.

अविनाश : मावशी, वीज तोडलीय. भोंगे सकाळीच भंगारात गेले. नव्या स्थानकात मशीनच बोलणार आहे.

शालिग्राम : बरं होईन. मशीनचा डबा कुत्रं नेत नाही.

सोजराबाई : तोंड तं हाये न तुले? बोल.

शालिग्राम : प्रवाशांनी लक्ष द्यावं. फलाट क्रमांक पाच. वडनेर भोलजी गाडीच्या चालकानं गाडी थांबवावी. एक प्रवासी धावत येऊन राह्यला. तो चोर नाही. त्याच्या पिशवीत रोपं हायेत. त्याले वाट द्या.

सोजराबाई : अजून एक डाव बोल. हळू बोलला तू. तो एक नंबरवर उभा हाये.