सातवी पिशवी

सरूबाई : न्हाई साहेब, मोजनीत चूक न्हाई. सहा व्हत्या, सहाच भरल्या. चूक त्येच्या आधी हाय.

सोपानराव : रविवारी सकाळी सांगवीहून पळत येता, मला वर्कशॉप उघडायला लावता, वर कोडी घालता! नीट सांगा, सरूबाई.

सरूबाई : पॅराशूटची घडी घालताना कापड हलू नये म्हनून आमी वर वाळूच्या पिशव्या ठिवतो का न्हाई? सोमवारी त्यातली एक गळत व्हती. घडीत वाळू जायला नगं, म्हनून मी घरनं नवी शिवून आनली. निळ्या लुगड्याची.

सोपानराव : कुणाला विचारून?

सरूबाई : कुनाला न्हाई. गळकी फेकनार व्हते, पर घाईत तीबी वापरली. म्हंजे टेबलावर सात. सांजच्याला तुमी सहा मोजल्या, सही केली. सहाच्या सहा खाकी व्हत्या, साहेब. आज पहाटं अजून एक शिवावी म्हनून तेच लुगडं काढलं, तवा डोक्यात आलं. निळी कुठंय?

सोपानराव : घरी असेल.

सरूबाई : घर झाडून काढलं. हितला पिशव्यांचा डबा तुमच्याम्होरं उपडा केला. ती एका छत्रीत, त्या पॅराशूटच्या घडीत हाय.

सोपानराव : अहो, माझी सही आहे त्यावर!

सरूबाई : तुमची सही सहावर हाय. सातवी तुमाला ठावंच नव्हती.

सोपानराव : थांबा, सोमवारचं रजिस्टर काढतो.

सरूबाई : सोमवारी मी चार बांधल्या. चारीबी कासारवाडीच्या ठेसनावरनं आग्र्याला गेल्या न्हवं?

सोपानराव : आज तिथं पाहुण्यांसमोर जवानांच्या उड्या आहेत. सात वाजता, अजून दहाच मिनिटं. सरका, फोन द्या इकडे. हॅलो, एक्सचेंज? आग्रा, लाइटनिंग कॉल. हो, सगळ्यात तातडीचा! चार छत्र्यांचे नंबर सांगायचेत फक्त, अर्धं मिनिट… लाइन बंद? कुठपासून? मग दिल्लीवरून फिरवा. अहो बाई, माणसं… हॅलो?

(रिसीव्हर कानालाच.)

सरूबाई : तार केली तर?

सोपानराव : तार पोचेल तेव्हा पोरं उड्या मारून जेवायला बसली असतील.

सरूबाई : समदी?

सोपानराव : हॅलो! एक्सचेंज?

सरूबाई : तुमी फौजेत व्हता. पिशवी आत ऱ्हायली तर काय व्हतं?

सोपानराव : कधी काहीच नाही. ती खाली पडते, छत्री उघडते.

सरूबाई : आन् कधी?

सोपानराव : दोऱ्यांत अडकते. मग हवा आत शिरत नाही. हवा भरली तर ती छत्री, नाहीतर नुसतं कापड. पोटावर दुसरी, राखीव छत्री असते म्हणा.

सरूबाई : ती वढायला येळ मिळतो?

सोपानराव : उडी मारली की चारपर्यंत मोजायचं, मग वर बघायचं. नसली उघडली तर… हॅलो! हो, आहे मी. आहे.

सरूबाई : चारच्या फुडं किती उरत्यात?

सोपानराव : बाराशे फुटांवरून? पाच सेकंद. फार तर सहा.

सरूबाई : काय म्हनती ती?

सोपानराव : थांबा म्हणते.

सरूबाई : एकाहत्तरच्या लढाईपास्नं बांधतीया मी. आजवर एक घडी वाकडी न्हाई.

सोपानराव : माहीत आहे मला.

सरूबाई : बडवा तरी मला, साहेब.

सोपानराव : सात वाजले.

सरूबाई : फोन ठिवू नगा.

सोपानराव : नाही ठेवत.

सरूबाई : छत्रीच्या कार्डावर माझं नाव असतं. त्या पोरानं वाचलं आसंल का?

सोपानराव : मी एकोणीस उड्या मारल्या, सरूबाई. एकदाही वाचलं नाही.