डॉक्टरांपुढं सरळ चालले

शुद्धलेखनात चुका असतील आणि अक्षरही किरटं आहे, सांभाळून घ्या. मी चौथी शिकले. आमच्या थोरल्या जाऊबाईंना, आक्कांना, लिहिता येत नाही. वडगावच्या घरी सोप्यात बसून त्या सांगत गेल्या तसं उतरवलं आहे. माझ्याबद्दलचं गाळणार होते. त्यांनी गाळू दिलं नाही.

लिही. माझं माहेर कणकुंबीकडं, रानातलं. दोन वर्सांची असताना ताप आला आणि डावा पाय वाळला, उजवा वाढला आणि डावा तिथंच ऱ्हायला. पण आमच्या घरात लंगडी हा शब्द कुणी काढला न्हाय बघ. पावणे बघायला येणार म्हणून आईनं मला चालायला शिकवलं. हळू चाल, टाच टेकव, पातळ घोट्याखाली सोड, दात आवळ पण हलू नको. महिनाभर अंगणात तेवढंच. पावणे आले, मी चहा घेऊन अशी सरळ गेले, अशी सरळ गेले, की थेंब सांडला न्हाय. लग्नानंतर ह्यांना कळलं, तर म्हणाले, आपला विणायचा माग खड्ड्यातला हाय, खड्ड्यात पाय कोण बघतंय? लई हसलो आम्ही. तीस वर्सं त्या मागावर पातळं विणली, एका पायानं.

ह्ये गेले, मग चांगल्या पायाचा गुडघा बी धरला, माग थांबला. तुम्ही घरातली खायला घालत हुता, न्हाय म्हणत न्हाय, पण चहापावडरीला बी दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायचं म्हणजे काय सांगू तुला, घास उतरत न्हाय. तवा तूच म्हणालीस, आक्का, अपंगांना सरकारचा पगार मिळतोय, अर्ज करूया. हितलं सरकार कानडी, अर्ज कानडीत लिहून घ्यायचा, त्याला फोटो, झेरॉक्स, उत्पन्नाचा दाखला, रिक्षा, सगळ्याला पैसे तू दिलेस, माहेरहून आलेले साठवलेले. मी म्हणलं, पगार सुरू झाला की फेडीन. तू नुसती मान हलवलीस. तू काय बोलणार, ह्या घरात येऊन वीस वर्सं झाली, तुझा आवाज मामंजींनी मरेपर्यंत ऐकला न्हाय.

मोठ्या डाक्टरकडं जायचं म्हणून मी माझ्या हातचं चांगलं पातळ नेसले. पाय किती अधू हाय त्याचे टक्के दाखल्यावर तेच लिहिणार, कमी पडले की पगार न्हाय. डाक्टर म्हणाले, नडीरी अम्मा, चाला. आणि काय झालं कुणास ठाऊक, माझ्यात आई शिरली. चहा घेऊन चालल्यागत गेले, सरळ. जिना चढता? चढते. दुखतं? न्हाय. पाय मोजायचा हाय, पातळ जरा वर घ्या. परक्या पुरुषासमोर कसं घेणार? घेतलं न्हाय. पडले टक्के कमी. रिक्षात तू रडायला लागलीस आणि मी म्हणतेय, पण चालले बेस का न्हाय?

मग फेरतपासणीचा अर्ज. वाटभर तू सांगतीयास, आक्का, घरात चालता तसं चाला. मी म्हणलं व्हय व्हय. आत गेले, डाक्टर म्हणाले नडीरी, आणि परत आपली नवरी निघाली! तेवढ्यात मागनं कोण ओरडलं, आक्का, दूध उतू चाललंय! मी गुडघ्यावर हात दाबून, कमरेत वाकून, धडधड करत दारापर्यंत पळाले. दारात उभी ऱ्हायले, म्हणलं, हितं कुठलं गं दूध? सगळा दवाखाना हसला. तू पदरात तोंड घातलंस. डाक्टर चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, अम्मा, आता खरं चाललात. नर्सबाईंनी पडद्याआड पाय मोजला, मी बी मोजू दिला, आता लपवायचं काय ऱ्हायलं हुतं?

लाजतीयास काय, तू ओरडलीस ते बी लिही.

आता पगार येतोय, माझ्या नावावर. चहापावडर मी आणते, जास्तीची आणते, येईल त्याला चहा पाजते. तुझे पैसे म्हैन्याला थोडे देत आले, आज शेवटचे. तू म्हणालीस, राहू द्या आक्का. का म्हणून राहू दे? मोज. मोजलेस, दोनदा. बरोबर हाय न्हवं? मग देवी तुझं बरं करू दे, आणि ह्ये बी लिही, मान हलवून चालायचं न्हाय.

सगळे पैसे मिळाले. काही बाकी नाही.