पहाटेचा मिक्सर

फुलपाड्याच्या हेमांगीला सोसायटीने तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, पाळू दिली होती. कोंबडा निघाला तर मात्र बाहेर. म्हणून गुरांच्या दवाखान्यात ती शेजारी बसलेल्या गास गावच्या हरेश्वरकाकांना टोपली उघडून दाखवत होती.

“सिल्की जातीची आहे, काका. पाच महिन्यांची.”

“पाच महिन्यांचा. डोक्यावरचा झुपका मागे वळलाय बघा. कोंबडाच हाय.”

“नीट बघा ना.”

“आरवतो काय?”

“परवापासून. मी लगेच मिक्सर लावते.”

“पहाटे? मग मला कशाला विचारता?”

“तुम्ही तलंग म्हणाला असतात, तर अजून चार दिवस...”

“द्या इकडे. आमच्याकडे कोनी हाकलनार नाय.”

“आरवला की फोन कराल?”

“रोज?”

“रोज.”

सोसायटीला झोप मिळाली, काकांना कोंबडा. हेमांगीकडे टोपली राहिली, तळाला तांदळाच्या कण्या.