गिरणीचा हादरा

स्नेहल : मला एवढंच सांगा आप्पा, गिरणीला हात कुणी लावला?

मच्छिंद्र : मी लावला. माजी गिरनी हाय. तुजे कॉलेजचे सर येनार म्हनून काल दिवसभर खपलो. पायाचे बोल्ट आवळले, चारी पायांखाली टायरचं रबर घातलं. आता वर पान्याचा गिलास ठेव, थेंब सांडायचा न्हाई.

स्नेहल : थेंब सांडत नाही म्हणूनच माझा दिवा लागत नाही!

मच्छिंद्र : कसला दिवा?

स्नेहल : सहा महिने कानीकपाळी ओरडतेय! ही पट्टी बघा. एक टोक गिरणीला घट्ट, दुसरं मोकळं. गिरणी हादरली की पट्टी लवते, लवली की वीज निघते. ह्याच गिरणीच्या हादऱ्याला जुळावी म्हणून शेंड्याला वजन लावलं, दहादा काढलं, दहादा लावलं. आता हादराच नाही, तर वीज काय माझ्या कपाळातून निघणार?

मच्छिंद्र : हळू बोल. बाहेर गिऱ्हाईक हाय.

स्नेहल : असू दे! प्रोजेक्ट तपासायला सर फाट्यावर उतरलेत. दिवा लागला नाही तर मी नापास. वर्ष गेलं माझं! एकदा विचारायचं तरी होतं!

मच्छिंद्र : गिरनी नीट करायला बापानं पोरीला इचारायचं? अगं, अख्खं तिसगाव हसतं मला! मच्छिंद्राच्या गिरनीनं भिंतीचा गिलावा पडतो म्हनं. ईस वर्सं ऐकतोय. तुज्या सरानं बी तेच बघावं? तुजी लाज ऱ्हावी म्हनून राबलो, आन तू माज्यावरच उलटतीस!

स्नेहल : मला तो हादराच पाहिजे होता, आप्पा! त्याची लाज तुम्हाला वाटत होती, मला कधीच नाही!

(मच्छिंद्र खाली वाकून रबर चाचपतो. मग पाना उचलतो.)

मच्छिंद्र : बटन बंद कर. ती पहार आन इकडं.

स्नेहल : काय करताय?

मच्छिंद्र : दिसत न्हाई व्हय? दाब पहारीवर. आजून. निघालं बघ रबर. आता तिकडचं... बोल्ट बी ढिले केले. कर चालू.

स्नेहल : लागला! आप्पा, लागला!

मच्छिंद्र : एवढासा? ह्याच्यापायी बापावर वरडलीस?

स्नेहल : चुकलं माझं.

मच्छिंद्र : ऱ्हाऊ दे. सरांना फकस्त एक सांग. बापाला गिरनी नीट करता येती म्हनावं.