तुम्ही पेझंट आहात

माझं लग्न मोबाईलच्या कीबोर्डनं जवळजवळ मोडलंच होतं, खोटं वाटत असेल तर आमच्या शीतलला विचारा. आम्ही पारनेरचे, ती कर्जतची. मुलगी बघून घरी आलो आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून तिला मेसेज टाकला, 'तुम्ही पसंत आहात.' माझ्या फोनच्या कीबोर्डला मराठी कळत नव्हतं. त्यानं परस्पर 'पसंत'चं 'पेझंट' केलं, म्हणजे इंग्रजीतला गरीब शेतकरी. मीही न वाचताच पाठवून दिलं.

तिचं उत्तर आलं, 'व्हय, शेतकरीच हाय मी. आमची डाळिंबाची बाग मीच बघते. तुमाला कमीपणा वाटत असंल तर आत्ताच सांगा.'

मी माझा मेसेज पुन्हा वाचला तेव्हा घोळ कळला. लगेच फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडं ती इतकी हसली की तिची आई काय झालं म्हणून बघायला आली.

पुढच्या रविवारी भेटलो, तर चहा यायच्या आत तिनं माझा मोबाईल मागून घेतला आणि त्यात दुसऱ्याच कुणी बनवलेला मराठी कीबोर्ड टाकायला लागली.

मी विचारलं, "फोनसोबत आलेला सोडून दुसरा चालतो का?"

"न चालायला काय झालं? तुमी कंपनीचा फोन घेतलाय. कंपनीनं तुमची भाषा थोडीच घेतलीय."

नव्या कीबोर्डवरून पहिला मेसेज मी आईला टाकला, 'लग्नाची तारीख काढायला सांग.'